दहावीच्या मुलांचं वाचन सुधारलं की घसरलं? वर्षानुवर्षं मोजायचं असेल तर

दहावीतून बाहेर पडणाऱ्या मुलांना पूर्वीसारखं वाचता येत नाही, असं शिक्षकांच्या खोलीत वर्षातून दहा वेळा तरी ऐकू येतं. मोजून बघणारे थोडे. जे मोजतात, ते पहिल्या वर्षी हौसेने चाचणी घेतात, तीन वर्षांनी पुन्हा घेतात आणि मग लक्षात येतं की दोन आकडे शेजारी ठेवण्यासारखे नाहीत. पहिली चाचणी डिसेंबरात झाली होती, दुसरी जुलैत. पहिल्यांदा मुलं चिठ्ठ्या टाकून निवडली होती, दुसऱ्यांदा वर्गशिक्षकांनी ‘बरी वीस’ पाठवली. मधल्या काळात उताराही बदलला. आकडा खाली आला खरा, पण वाचन घसरलं की मोजपट्टी बदलली, हे सांगायला आता काही उरलेलं नसतं.

एका तालुक्यापुरतं किंवा एखाद्या संस्थेच्या काही शाळांपुरतं हे काम करू पाहणाऱ्या शिक्षक, केंद्रप्रमुख, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि एम.एड.च्या विद्यार्थ्यांसाठी पुढची माहिती आहे. निधी फार लागत नाही. चिकाटी लागते, आणि कुलूप लावता येईल असं एक कपाट.

## १. बोर्डाचा निकाल बाजूला ठेवा

महाराष्ट्रात दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला, २०१९ साली ७७.१०, २०२० साली ९५.३० आणि २०२१ साली ९९.९५ टक्के. एका वर्षात बारा टक्के खाली आणि पुढच्याच वर्षी अठरा टक्के वर, एवढी उलथापालथ मुलांच्या वाचनात होत नसते. २०१९ च्या तुकडीला नवा अभ्यासक्रम होता आणि भाषा विषयांचे अंतर्गत २० गुण त्या वर्षी काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. २०२१ ला तर लेखी परीक्षाच झाली नाही. मराठीच्या पेपरातले गुणही वाचनाचे नसतात. त्यात निबंध, व्याकरण आणि आधी वर्गात घोटून घेतलेले पाठ येतात.

सरकारी सर्वेक्षणांतही सलग मालिका मिळेलच असं नाही. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात २०२१ साली तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावी होती. २०२४ साली ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राने घेतलेल्या सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववी होती. दहावीची रेघ तिथे तुटली.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ची पाहणी घरोघर जाऊन होते, त्यामुळे शाळा सुटलेली मुलंही त्यात सापडतात. २०२३ च्या ‘असर’मध्ये १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे चौथाई मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईने वाचता आला नव्हता. तळाशी काय चाललंय ते बघायला हे साधन उत्तम आहे. पण दहावीच्या बाकीच्या मुलांना दुसरीच्या पातळीची ही छोटी गोष्ट वाचता येतेच. ती दहा वर्षांत आणखी चांगली वाचू लागली किंवा वाईट, तरी त्यांची नोंद ‘गोष्ट वाचतो’ या एकाच रकान्यात राहणार. म्हणून आपली वेगळी चाचणी हवी.

## २. ‘शाळा सोडणारी मुलं’ म्हणजे कोण, हे कागदावर लिहा

तीन शक्यता आहेत आणि तिघांची उत्तरं वेगवेगळी येतात.

- ठरावीक तारखेला दहावीच्या हजेरीपटावर असलेली मुलं.
- ती, आणि १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसणारी मुलं.
- गावातली १५-१६ वर्षांची सगळी मुलं, शाळेत असोत वा नसोत.

तिसरा पर्याय सगळ्यात खरा, पण त्याला घरोघर फिरावं लागतं. लहान गटाने पहिला पर्याय घ्यावा, मात्र सोबत एक आकडा दरवेळी नोंदवावा: दोन वर्षांपूर्वी आठवीत असलेल्या मुलांपैकी किती जण दहावीच्या पटावर पोचले. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून आणि दिलेल्या दाखल्यांवरून तो काढता येतो. दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेली मुलं गळतीत धरू नका.

हा आकडा का लागतो? समजा, पहिल्या फेरीत आठवीतली १००० पैकी ८०० मुलं दहावीत पोचली होती आणि सहा वर्षांनी ९५० पोचली. जास्तीची दीडशे मुलं बहुतेक तीच असतात, जी पूर्वी वाचन जमत नाही म्हणून मध्येच गळली असती. ती आता वर्गात आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण सरासरी खाली येते. एकाही मुलाचं वाचन बिघडलेलं नसतं.

अमेरिकेत ‘नेप’ नावाची राष्ट्रीय चाचणी १९७१ पासून वाचन मोजते आहे. १७ वर्षांच्या मुलांची सरासरी १९७१ साली २८५ होती, २०१२ साली २८७. चाळीस वर्षांत जागचं हललं नाही, असं वाटतं. गट वेगळे करून बघितलं की गोऱ्या मुलांची सरासरी २९१ वरून २९५ वर आणि काळ्या मुलांची २३९ वरून २६९ वर गेलेली दिसते. प्रत्येक गट वर सरकला, पण वर्गात कोण किती, याचं प्रमाण बदलल्यामुळे एकूण आकडा जवळजवळ तिथेच राहिला.

आपल्याकडे याचीच उलटी बाजू मराठी माध्यमात दिसते. परवडणारी घरं मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात, आणि मराठी शाळांत राहणाऱ्या मुलांची पार्श्वभूमी वर्षागणिक बदलत जाते. म्हणून प्रत्येक मुलामागे चार गोष्टी पहिल्या फेरीपासून नोंदवा: मुलगा की मुलगी, घरी बोलली जाणारी भाषा, आईचं शिक्षण, आणि तुकडी सेमी इंग्रजीची आहे का. वडिलांच्या उत्पन्नाचा प्रश्न घालू नका. मुलांना ते ठाऊक नसतं आणि अंदाजाने लिहिलेला आकडा कामाचा नसतो.

## ३. चाचणी बांधा

दोन भाग पुरतात.

भाग अ: मोठ्याने वाचन. दोन उतारे, एक गोष्टीवजा आणि एक माहितीपर. प्रत्येकाला एक मिनिट. उतारा साधारण २५० शब्दांचा ठेवा, म्हणजे भरभर वाचणाऱ्या मुलाचाही मिनिटात संपत नाही. मिनिटाला बरोबर वाचलेले शब्द मोजायची सर्वत्र पद्धत आहे, पण मराठीत तेवढ्यावर भागत नाही. ‘तो घरी गेला’ हे तीन शब्द, आणि ‘घराबाहेरच्यांनासुद्धा’ हा एकच, त्यात नऊ अक्षरं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे दोन उताऱ्यांत शब्द सारखे असले तरी वाचायचा भार वेगळा असतो. उताऱ्याच्या प्रत्येक ओळीखाली अक्षरांची चढती बेरीज छापलेली परीक्षकाची प्रत तयार करा आणि ‘मिनिटाला बरोबर अक्षरं’ नोंदवा. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं. दोन्ही उताऱ्यांत जोडाक्षरांचं प्रमाणही जवळपास सारखं ठेवा.

चूक कशाला म्हणायचं, हे पहिल्याच दिवशी लिहून टाका:

- शब्द गाळला, बदलला किंवा तीन सेकंद थांबून राहिला तर चूक. तीन सेकंदांनी परीक्षक शब्द सांगतो आणि पुढे जायला लावतो.
- मुलाने स्वतः दुरुस्त केला तर चूक नाही.
- बोलीचा उच्चार चूक नाही. ‘पाणी’चं ‘पानी’, वऱ्हाडात किंवा खानदेशात ‘ळ’चा ‘य’ किंवा ‘ड’सारखा उच्चार, हे वाचनाचे दोष नाहीत.

शेवटच्या नियमावरून परीक्षकांत हमखास भांडण होतं. होऊ द्या, पण प्रशिक्षणात. शाळेत जाऊन नको.

भाग आ: मूकवाचन आणि आकलन. ४५ मिनिटं, ३० प्रश्न, चार मजकूर. एक ललित गद्य, ३५० ते ४०० शब्दांचं. एक बातमी. एक तक्ता, म्हणजे एसटीचं वेळापत्रक किंवा वीजबिल. एक सूचनांचा मजकूर, म्हणजे औषधाच्या खोक्यावरचा किंवा अर्जासोबत येणारा. शाळा सोडल्यावर मुलांच्या हाती पहिल्यांदा हेच शेवटचे दोन येतात आणि नेमके तेच चाचण्यांतून गाळले जातात. ३० पैकी १० प्रश्न मजकुरात सरळ दिलेल्या माहितीवर, १२ अर्थ जोडून काढायचे, ८ लेखकाचा हेतू किंवा मजकुरातली विसंगती ओळखायचे. वीस प्रश्नांना चार पर्याय द्या, दहा प्रश्नांची उत्तरं मुलांना स्वतःच्या शब्दांत एक-दोन वाक्यांत लिहू द्या.

पाठ्यपुस्तकातला उतारा घेऊ नका, जुन्या आवृत्तीतलाही नको. मार्गदर्शिकांमधून तो मुलांना माहीत असतो.

मजकूर न वाचता उत्तर येणारे प्रश्न हा आणखी एक सापळा. ‘झाडं लावल्याने काय होतं?’ याचं उत्तर कुठलंही मूल उताऱ्याविना देतं. पंधरा-वीस मुलांना नुसते प्रश्न द्या, मजकूर देऊ नका. चार पर्यायांत अंदाजाने चौथाई उत्तरं बरोबर येणारच. निम्मी आली तर तो प्रश्न बाद.

आणि लवकर शिळे होणारे शब्द टाळा. इंग्लंडमध्ये १९४८ पासून १५ वर्षांच्या, म्हणजे तेव्हा शाळा सोडण्याच्या वयाच्या मुलांचं वाचन ‘वॉट्स-व्हर्नन’ नावाच्या चाचणीने मोजत होते: ३५ अपुरी वाक्यं, दहा मिनिटं, योग्य शब्द निवडायचा. १९७०-७१ पर्यंत तीच चाचणी चालली. तोपर्यंत तिच्यातले गाड्यांची लाकडी चाकं बनवणाऱ्या सुताराचे आणि ‘मॅनेक्विन परेड’चे (नवे कपडे घालून दाखवणाऱ्या मॉडेलच्या फेरीचे) शब्द मुलांच्या जगातून गेले होते. गुण वाढायचे थांबले, ते वाचनामुळे की शब्दांमुळे, यावर मोठा वाद झाला. इंग्रजी शिकवण्याविषयीच्या बुलॉक समितीच्या १९७५ च्या अहवालातही तो आला. आपल्याकडची तार १५ जुलै २०१३ ला बंद झाली. त्याआधी बांधलेल्या चाचणीत ‘तार आली’ असा उतारा असता, तर तो आज वाचनापेक्षा इतिहासाची परीक्षा घेत बसला असता. उलटही होतं: ‘ओटीपी’, ‘लिंक’ असले शब्द वर्षागणिक सोपे होत जातात. उतारा निवडताना विचारा, हा मजकूर वीस वर्षांपूर्वी समजला असता का आणि पंधरा वर्षांनी समजेल का?

## ४. पूर्वचाचणी घ्या, आणि निर्दयपणे कापा

३० प्रश्न हवे असतील तर ४५ लिहा. शेजारच्या तालुक्यातल्या, नमुन्यात न येणाऱ्या शाळांतली १२० मुलं घ्या. गुणांनुसार उतरती यादी करून वरची ४० आणि खालची ४० वेगळी काढा. मग प्रत्येक प्रश्नासाठी दोनच गोष्टी बघायच्या.

एकूण किती टक्के मुलांना आला? ३० ते ८५ टक्क्यांतले ठेवा. त्याखेरीज तीन-चार अवघड, २०-३० टक्क्यांचे, मुद्दाम ठेवा. वॉट्स-व्हर्ननचं दुसरं दुखणं हेच होतं: हुशार मुलांना वर चढायला जागाच नव्हती. वरचं छत ठेंगणं असेल तर सुधारणा झाली तरी दिसत नाही.

वरच्या आणि खालच्या गटात फरक किती? वरच्या ४० पैकी ३० जणांना आणि खालच्या ४० पैकी १४ जणांना आला, तर फरक ४० टक्के, उत्तम. २० टक्क्यांच्या आत असेल तर प्रश्न संदिग्ध आहे किंवा दोन पर्याय बरोबर वाटताहेत. काढून टाका, कितीही आवडता असो.

## ५. शाळा आणि मुलं निवडा

बहुतेकांचा हिशेब इथे फसतो. ‘आठशे मुलं घेतली, म्हणजे नमुना मोठा’ असं वाटतं. पण एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात: शिक्षक तेच, गाव तेच. विसाव्या मुलाकडून नवं फारसं कळत नाही. हा सारखेपणा ० (अजिबात नाही) ते १ (शाळेतली सगळी मुलं एकसारखी) असा मोजतात. तो ०.२ धरला (शाळांमध्ये तो याहून कमी-जास्त असू शकतो), तर हिशेब असा होतो:

- ४० शाळा, प्रत्येकी २० मुलं: १ + १९ × ०.२ = ४.८. आठशेला ४.८ ने भागा. प्रत्यक्षात १६७ मुलांइतकीच माहिती.
- ८० शाळा, प्रत्येकी १० मुलं: १ + ९ × ०.२ = २.८. म्हणजे २८६ मुलांइतकी.

७० टक्के मुलं ठरावीक पातळी गाठतात असं धरलं, तर सगळी मुलं न घेता नमुना घेतल्यामुळे येणारी चूक पहिल्या रचनेत उणे-अधिक ७ टक्के, दुसरीत ५.३ टक्के. दोन फेऱ्यांची तुलना करताना ती आणखी वाढते: पहिलीत जवळजवळ १०, दुसरीत साडेसात. याचा अर्थ स्वच्छ आहे. ४० शाळांच्या पाहणीत ‘चार टक्क्यांनी घसरण’ आली तर ती घसरण आहे की नाही, सांगता येत नाही. मुलं तेवढीच, पण शाळा जितक्या जास्त घ्याल तितकं बरं. प्रत्येक फेरीत बहुतेक शाळा त्याच ठेवल्या तर ही चूक बरीच कमी होते, कारण शाळा-शाळांमधला फरक वजाबाकीत निघून जातो. तीन चतुर्थांश शाळा कायम ठेवा, एक चतुर्थांश बदला.

शाळांची यादी यूडायसवरून, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीवरून घ्या, अनुदानित, विनाअनुदानित, जिल्हा परिषद आणि आश्रमशाळा असे गट पाडा आणि प्रत्येक गटातून सोडतीने निवडा. तालुक्यात ८० शाळाच नसतील तर सगळ्या घ्या.

वर्गातली मुलं हजेरीपटावरून, तुम्ही स्वतः निवडायची. ६० जणांच्या पटातून १० हवीत तर १ ते ६ मधला एक आकडा चिठ्ठीने काढा, समजा ४ आला. मग ४, १०, १६, २२... पटावर आधी मुलगे आणि मग मुली असतील तर हे चांगलंच, दोघं प्रमाणात येतात. गैरहजर मुलाच्या जागी ‘पुढचा घ्या’ असं कधीही करू नका. गैरहजर मुलं हजर मुलांसारखी नसतात. ऊसतोडीला किंवा कामाला गेलेली मुलं आणि सतत दांड्या मारणारी मुलं त्यात जास्त. दुसऱ्यांदा जा, तरी न मिळालेल्यांची संख्या लिहा. वर्गशिक्षक प्रेमाने म्हणतात, ‘त्याला कशाला घेता, त्याला काही येत नाही.’ त्यालाच घ्यायचं आहे.

## ६. परवानग्या आणि सामान

- शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद यांचं पत्र. मुंबईत शिक्षण निरीक्षकांचं. अर्जासोबत चाचणीचा नमुना जोडू नका, आराखडा जोडा. नमुना प्रती काढून फिरतो.
- मुख्याध्यापकांचं संमतिपत्र, तारीख आणि वेळेसह.
- पालकांचं संमतिपत्र, मराठीत, एका पानात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची सगळी मुलं ‘बालक’ आहेत, म्हणजे दहावीची सगळीच. आवाज रेकॉर्ड करणार असाल तर तसं स्पष्ट लिहा.
- शाळांची यादी ११ अंकी यूडायस क्रमांकासह. महाराष्ट्राचे क्रमांक २७ ने सुरू होतात. शाळांची नावं बदलतात, संस्था बदलतात. मागची शाळा पुढच्या फेरीत क्रमांकावरूनच सापडते.
- मुलांच्या नावांची आणि सांकेतिक क्रमांकांची वही वेगळी, उत्तरपत्रिका वेगळ्या. दोन्ही एका पिशवीत ठेवायच्या नाहीत.
- प्रत्येक परीक्षकाला स्टॉपवॉच, रेकॉर्डर, उताऱ्याची कडक पुठ्ठ्यावर चिकटवलेली प्रत आणि सूचनांचा लिखित मजकूर. मोबाइल वापरत असाल तर विमान मोडवर.
- पाच टक्के जादा उत्तरपत्रिका.

## ७. चाचणीचा दिवस

तारीख ठरवताना बोर्डाकडे बघा. २०२५ साली दहावीची परीक्षा नेहमीच्या मार्चऐवजी २१ फेब्रुवारीला सुरू झाली. जानेवारीत पूर्वपरीक्षा, त्याआधी स्नेहसंमेलन आणि सहली. डिसेंबरचा पहिला पंधरवडा बहुधा मोकळा मिळतो. पहिल्या फेरीत तो घेतला तर पुढे प्रत्येक फेरीत तोच. दोन महिने इकडे-तिकडे झाले तरी दहावीच्या वर्षात फरक पडतो.

सकाळचा दुसरा तास घ्या. आधी मूकवाचन, मग एकेक मूल बाहेर बोलावून मोठ्याने वाचन. हा क्रम कधी उलटू नका. सूचना तोंडाने सांगू नका, लिहिलेल्या अक्षरशः वाचा. ‘याचे गुण धरले जाणार नाहीत’ हे वाक्य पहिल्या वर्षी सांगितलं असेल तर दरवर्षी सांगायचं. एखाद्या वर्षी उत्साही मुख्याध्यापकांनी ‘हे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरू’ म्हटलं की मुलं जीव तोडून लिहितात आणि त्या शाळेचा आकडा तुलनेतून गेला.

वर्गशिक्षकांना चहाला पाठवा. ते वर्गात उभे राहिले तर नजरेनेच उत्तरं सांगतात, यात वाईट हेतू नसतो.

## ८. तपासणी

पर्यायांचे प्रश्न सोपे. स्वतःच्या शब्दांतल्या दहा प्रश्नांसाठी गुणदानाचे नियम नमुना उत्तरांसह लिहा: पूर्ण, अर्धा, शून्य, प्रत्येकाची तीन-तीन उदाहरणं. शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. मराठीच्या शिक्षकांना हे सांगितलं तरी त्यांचा हात थांबत नाही, म्हणून पुन्हा सांगा. दर पाचवी उत्तरपत्रिका दुसऱ्या तपासनिसाला द्या. शंभरातली नव्वद उत्तरं दोघांची जुळली पाहिजेत, नाहीतर नियमांतली भोकं बुजवून पुन्हा तपासा.

चुकीचं उत्तर, मध्येच सोडलेला प्रश्न आणि वेळ संपल्याने न गाठलेला प्रश्न, यांना तीन वेगळी चिन्हं द्या. शेवटचे सहा प्रश्न कोरे राहण्याचं प्रमाण वाढलं तर तो वेगाचा किंवा दमाचा प्रश्न आहे.

पहिल्या फेरीतल्या शंभर उत्तरपत्रिका स्कॅन करून कुलपात ठेवा. पुढच्या प्रत्येक फेरीत त्या, वर्ष झाकून, नव्या गठ्ठ्यात मिसळा. तपासनिसांनी जुन्यांना पूर्वीपेक्षा जास्त गुण दिले, तर हात सैल झालाय हे लगेच कळतं आणि तेवढं वजा करता येतं. या एका सवयीने जेवढी भांडणं वाचतात, तेवढी दुसऱ्या कशानेही नाही.

## ९. दुसरी फेरी: हात आवरा

पहिल्या फेरीनंतर सगळ्यांना सुधारणा सुचतात. टाइप मोठा करू या, वीजबिल आधी घेऊ या, टॅबवर घेऊ या. नको.

‘नेप’लाही हा फटका बसला होता. १९८६ साली ९ आणि १७ वर्षांच्या मुलांचे वाचनाचे गुण १९८४ च्या मानाने इतके घसरले की कोणाचा विश्वास बसेना. वाचनाचे प्रश्न जुनेच होते. पण पुस्तिकेतली त्यांची जागा, सोबतचे विषय, वेळेची आखणी आणि उत्तर नोंदवायची रीत बदलली होती. १९८८ साली जुन्या आणि नव्या पद्धतीने शेजारी-शेजारी चाचणी घेऊन पाहिल्यावर घसरणीचा मोठा भाग या बदलांचाच निघाला. बदल मोजायचा असेल तर माप बदलू नये, हा ‘नेप’वर काम करणारे संशोधक अल्बर्ट बीटन यांचा सल्ला तिथूनच आला.

तरीही सगळं तेच ठेवता येत नाही, प्रश्न बाहेर फुटतात. उपाय असा: ३० पैकी १५ प्रश्न, त्यांचे दोन मजकूर, आणि मोठ्याने वाचायचा एक उतारा कायमचे ठेवा. त्याच पानावर, त्याच क्रमांकाला, त्याच टाइपात. ‘ल’ आणि ‘श’ची दोन-दोन रूपं छापात चालतात; पहिल्या वर्षी जे छापलं तेच पुढे. उरलेले १५ बदला. तुलना सामाईक पंधरांवरच करायची, आणि नव्या पंधरांची अवघडता त्यांच्या आधाराने जुन्याशी जुळवायची. जुनी छापायची फाइल पीडीएफमध्ये ठेवा. नव्या संगणकावर फाँट बदलला की ओळी हलतात.

मग सामाईक प्रश्न एकेक करून तपासा. चौदा प्रश्न दोन-तीन टक्क्यांनी खाली आले आणि एकच पंधरा टक्क्यांनी वर गेला, तर तो फुटलाय किंवा त्यातला शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे. तो काढून दोन्ही फेऱ्यांचे गुण पुन्हा मोजा, आणि काढल्याचं अहवालात लिहा.

टॅबवर जायचंच असेल तर एका फेरीत निम्म्या मुलांना कागदावर, निम्म्यांना टॅबवर द्या, विभागणी चिठ्ठीने. फरक किती तो कळला की पुढे टॅब.

## १०. आकडे मांडताना

सरासरी एकटी देऊ नका. शंभर मुलं गुणांनुसार रांगेत उभी केली तर दहावं, पन्नासावं आणि नव्वदावं मूल कुठे आहे, ते द्या. तळाचं मूल खाली गेलं आणि वरचं वर गेलं तरी सरासरी जागेवर राहू शकते, आणि शाळेला उपाय तर तळासाठी करायचे असतात.

‘वाचू शकतो’ची रेघ पहिल्या फेरीत ठरवा, समजा ३० पैकी १५, आणि ती पुढे हलवू नका. प्रत्येक टक्केवारीपुढे पाचव्या पायरीतली चूक उणे-अधिक लिहा. घरची भाषा, आईचं शिक्षण आणि सेमी तुकडी यांनुसार गट वेगळे दाखवा. एकूण आकडा आणि गटांचे आकडे दोन दिशांना जात असतील तर तेच पहिल्या पानावर यावं. शाळांची नावं छापू नका. एका शाळेतल्या दहा मुलांवरून त्या शाळेबद्दल काहीही सिद्ध होत नाही, पण वर्तमानपत्रात मथळा होतो आणि पुढच्या फेरीला दार बंद.

फेऱ्यांमधलं अंतर दोन किंवा तीन वर्षं. दरवर्षी घेतल्याने खर्च वाढतो, माहिती फारशी वाढत नाही. दोन फेऱ्यांना ‘कल’ म्हणू नका. चार झाल्या की बोला.

एक तारीख ध्यानात ठेवा. २०२०-२१ साली शाळेचं दार न बघता पहिलीत गेलेली मुलं, मध्ये न थांबता वर आली तर २०३० च्या दहावीच्या परीक्षेला बसतील. त्यांच्या वाचनाबद्दल काही म्हणायचं असेल तर त्यांच्या आधीच्या किमान दोन तुकड्या याच चाचणीने, याच पंधरवड्यात मोजलेल्या असायला हव्यात.